140 झाडं बसवायची कुठं – एका साइटच्या नोंदी

12 जानेवारी 2024

आज फाइल हातात आली. पुण्यात पूर्वेकडे, चार टॉवर, प्लॉट 11,200 चौरस मीटर, बांधकाम 20 हजारांच्या वर असल्यामुळे पर्यावरण मंजुरी म्हणजे ईसी लागलीच. त्यात नेहमीची ओळ आहे, दर 80 चौरस मीटर प्लॉटला किमान एक झाड, आणि जी झाडं आधीपासून उभी आहेत ती धरून. म्हणजे 11,200 भागिले 80, सरळ 140. जागेवर 31 झाडं होती, 19 तोडायची परवानगी मागेच घेऊन तोडून झालीत, 12 उभी आहेत. नवी लावायची 128.

ऐकायला सोपं आहे. आमच्या लँडस्केपच्या ऑफिसात आम्ही दोघंच, सर आणि मी, आणि सर म्हणाले "लिस्ट बनव, ड्रॉइंगवर हिरवे गोळे टाक, पुढच्या आठवड्यात पाठवू". मी म्हणलं आधी जाऊन येते.

ईसीतल्या बाकीच्या अटी पण उतरवून ठेवते, नंतर शोधायला नको: देशी झाडं लावा, दाट पानांची आणि रुंद पसरणारी असावीत, खूप पाणी पिणारी किंवा आक्रमक जात नको, वरची 20 सेंटीमीटर माती काढून साठवा आणि लागवडीला परत वापरा, झाड तोडलं तर एकास दहा लावा. आणि तोडलेल्या झाडांचा हिशोब राज्याच्या वृक्ष कायद्यात वेगळाच आहे. कायदा 1975 चा, पण 2021 च्या दुरुस्तीनंतर जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं, लावताना किमान सहा फुटांची, जिओटॅग करायची आणि सात वर्षं सांभाळायची. आपल्या 19 मध्ये बहुतेक सुबाभूळ आणि उंदीरमारी, दहाच्या आसपास वयाची, शिवाय तीन गुलमोहर आणि दोन कडुनिंब. वयांची बेरीज 250 धरलीये. एकास दहाने 190 होतात, म्हणजे मोठा आकडा 250 चा.

16 जानेवारी

साइटवर गेले. बेसमेंटचं खोदकाम संपून दोन टॉवरचे स्लॅब वर चाललेत. लँडस्केपवाल्याला बोलावतात ते नेहमी असंच, लग्नात मेहंदी काढायला बोलवावं तसं, सगळं ठरून झाल्यावर.

कोपऱ्यात एक चिंच आहे. एवढी मोठी चिंच मी गेल्या दोन-तीन वर्षांत साइटवर बघितली नाही. घेर मोजला, वय पन्नाशीच्या पुढचंच, म्हणजे कायद्याने हेरिटेज झाड. पत्र्याचं कुंपण केलंय तिच्याभोवती, चांगलं वाटलं, आत डोकावले तर कुंपणाच्या आत सळयांचा ढीग आणि मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी बुंध्याशी वाळलेलं. साइट इंजिनिअरला विचारलं तर म्हणाला "मॅडम, झाडाला हात नाही लावला आम्ही". खरंच लावला नाही. पण खोदकामाची कड बुंध्यापासून जेमतेम तीन मीटरवर आहे आणि त्या भिंतीत मनगटाएवढी मुळं कापलेली दिसतायत. मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात हे कुणाला सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

19 जानेवारी

दोन दिवस एकच काम. सगळ्यांची ड्रॉइंग एकावर एक टाकली. आर्किटेक्टची, प्लंबिंगची, फायरची, इलेक्ट्रिकलची. मग तपकिरी रंग घेतला आणि जिथे खाली खरी जमीन आहे, म्हणजे खाली स्लॅब नाही, टाकी नाही, पाइप नाही, वर गाडी जात नाही, तेवढीच जागा रंगवली.

आधी बेसमेंट. कंपाउंडपासून तीन मीटर सोडून जवळजवळ सगळा प्लॉट खाल्लाय, कारण पार्किंग. मग फायरची गाडी: टॉवरभोवती सहा मीटरचा मोकळा रस्ता, 45 टनांची गाडी पेलेल असा, वळणाला नऊ मीटर त्रिज्या, त्यावर ना खड्डा ना फांदी. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, वर माणसं राहणार आहेत. मग एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, पाण्याच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मर, ड्रेनेज लाइन, पावसाच्या पाण्याचे रिचार्ज पिट. हे सगळे कंपाउंडलगतच्या त्याच तीन मीटरमध्ये भांडतात, आणि माझी झाडं पण तिथेच यायची आहेत.

शेवटी तपकिरी उरलं 1,350 चौरस मीटर. ते पण तुकड्यातुकड्यात, एक तुकडा मोठा, बाकीच्या सगळ्या चिंधोट्या.

इथे माझं डोकं सटकतं ते यासाठी की नियम झाडं मोजतो, माती कुणी मोजत नाही. खुली जागा 10 टक्के सोडलीये, 1,120 चौरस मीटर, नियमानुसार बरोब्बर. पण तिच्यातली जवळजवळ निम्मी बेसमेंटच्या छतावर आहे. मुंबईत यावरून प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि डिसेंबर 2013 मध्ये कोर्टाने सांगितलं की किमान खुली जागा जमिनीवरच पाहिजे, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, दाखवून भागणार नाही. तो निकाल मुंबईच्या नियमांवरचा, आपल्याकडे नियमावली वेगळी, पण झाडाला नियमावली वाचता येत नाही.

ड्रॉइंग सरांना दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले "हे क्लायंटला असंच्या असं नको दाखवूस".

25 जानेवारी

हिशोब: आहेत ती 12, खऱ्या जमिनीत दाटीवाटी न करता 70 बसतात, उरली 58, ती पोडियमवर.

पोडियमवर मला दिलीये 450 मिलिमीटर माती. एवढ्यात लॉन होईल, झुडपं होतील, झाड उभं राहील पण जगणार नाही, आणि जगलं तर वाऱ्यात उभं राहणार नाही. स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन केला, मीटरभर तरी द्या म्हणलं. ते शांत माणूस. म्हणाले "ओली माती मीटरभर म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन ते दोन टन. स्लॅब तेवढ्यासाठी केलेला नाही. झाडं कॉलमच्या डोक्यावर घ्या, तिथे मी देतो".

हा मार्ग मला माहीत होता, पण कॉलम पार्किंगच्या हिशोबाने येतात, बागेच्या नाही. तरी बसले, कॉलम ग्रिड काढली, जिथे रस्ता नाही क्लबहाउस नाही असे कॉलम शोधले, त्यावर मातीचे उंचवटे. बसली 38. म्हणजे 20 झाडांना जागाच नाही. पुढे बघू.

8 फेब्रुवारी

मीटिंग. बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, सर, मी. मुद्दा एकच, ती तोडलेल्या झाडांच्या बदल्यातली 250 आणि ही 128 वेगवेगळी कशाला, एकच धरू ना, 128 इथली त्या 250 मध्ये मोजून टाकू, उरलेली 122 कुठेतरी देऊ.

मी म्हणलं एक झाड दोन फायलीत कसं उभं राहील? भरपाई म्हणजे गेलेल्याच्या जागी, आणि 140 म्हणजे प्रकल्पाची स्वतःची गरज. थोडं तापलं. सर मध्ये पडले, नेहमीप्रमाणे अर्धं त्यांच्या बाजूने अर्धं माझ्या बाजूने बोलले. शेवटी 250 महापालिका सांगेल त्या जागी टेकडीवर लावायची, सात वर्षांच्या देखभालीसकट, हे कबूल झालं. प्रोजेक्ट मॅनेजर जाताना म्हणाले "मॅडम तुम्ही आमच्याकडून फी घेता ना?" हसून म्हणाले, पण म्हणाले.

22 फेब्रुवारी

माती. ईसीच्या अटीप्रमाणे वरची 20 सेंटीमीटर काढून साठवलेली असायला हवी. विचारलं कुठे आहे. एकाने साइट ऑफिसच्या मागे दाखवली, तिथे राडारोडा, विटांचे तुकडे, प्लायवूड आणि एक तुटका कमोड. दुसरा म्हणाला ती तर आतल्या रस्त्याच्या भरावात गेली. झालं. शेतजमीन होती ती, चांगली काळी माती, आता तिच्यावरून डंपर फिरतायत.

म्हणजे माती विकत. पोडियमच्या उंचवट्यांना आणि वाफ्यांना मिळून 520 घनमीटर, ब्रासमध्ये 184 ब्रास. सगळी लाल माती घेतली तर वजन, म्हणून थोडं कोकोपीट आणि परलाइट. पण कोकोपीट जास्त टाकलं की दोन वर्षांत कुजून माती खाली बसते आणि झाडाची मुळं उघडी पडतात, हे एकदा भोगलंय. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, नाहीतर वाळवी आणि हुमणी. निंबोळी पेंड सोबत.

14 मार्च

झाडांची यादी. यावर लिहायला बसले तर वही संपेल.

सेल्सच्या टीमला पाम पाहिजेत. ब्रोशरमध्ये पाम आहेत, रिसॉर्ट फील. फॉक्सटेल पामच्या दोन रांगा गेटपासून. मी म्हणलं ईसीत लिहिलंय दाट पानं, रुंद सावली, पाम म्हणजे खांबाला लावलेला झाडू. शेवटी गेटवर आठ पाम, 140 च्या बाहेर, शोभेचे म्हणून. ठीक आहे, आठ पामवर युद्ध कशाला.

कुणीतरी कोनोकार्पस सुचवला, लवकर वाढतो, हिरवागार, स्वस्त. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळं ड्रेनेजमध्ये घुसतात आणि परागांचा त्रास होतो म्हणून. नाही म्हणलं. सप्तपर्णी देशी आहे, सुंदर आहे, पण ऑक्टोबरात फुलली की संध्याकाळी त्या वासाने डोकं धरतं, चार टॉवरच्या मध्ये कोंडलेल्या हवेत तर नकोच.

खऱ्या जमिनीत: करंज, कडुनिंब, अर्जुन, ताम्हण, कदंब दोनच. पोडियमवर लहान चणीची: बहावा, कांचन, बकुळ, सीताअशोक सावलीच्या बाजूला. बकुळ इतकी हळू वाढते की बिल्डरला ब्रोशरला उपयोग नाही, पण फ्लॅट घेणाऱ्यांच्या नातवंडांना फुलं वेचता येतील. वड, पिंपळ, उंबर बेसमेंटच्या भिंतीजवळ नाही म्हणजे नाही. मोठ्या तुकड्यात एक मोह घातलाय, कुणाला सांगितलं नाही.

11 एप्रिल

नर्सरी. उरुळी कांचनच्या बाजूला दिवसभर उन्हात. नियमात उंची लिहिली की नर्सरीवाले उंची वाढवतात, सहा फूट पाहिजे, घ्या आठ फूट, पण खोड माझ्या अंगठ्याएवढं. उदबत्ती नुसती. बांबू सोडला की कमरेतून वाकतं. मी उंची न बघता बुडाची जाडी बघते आणि पिशवी उलटवून मुळं. लहान पिशवीत चार वर्षं ठेवलेलं झाड म्हणजे आत मुळांचं वेटोळं, जमिनीत गेलं तरी ते तसंच गोल फिरत राहतं आणि पाच-सहा वर्षांनी स्वतःलाच आवळतं. नर्सरीवाला वैतागला. "ताई, लग्न जमवताय का झाडाचं?" म्हणलं हो, घटस्फोट नको म्हणून. 108 पसंत केली, खोडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, म्हणजे गाडीत दुसरी चढायला नकोत.

23 मे

खड्डे. मीटर बाय मीटर बाय मीटर सांगितले, जेसीबीवाल्याने तासाभरात दहा केले आणि अकराव्याला कातळ. इथे दोन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. ब्रेकर लावला. पण दगडात खणलेला खड्डा म्हणजे बादली, पावसाळ्यात भरली की मुळं सडतात. प्रत्येक खड्ड्यात पाणी भरून बघितलं. संध्याकाळी भरलं, सकाळी गेले तर नऊ खड्ड्यांत पाणी तसंच. त्यांना बाजूने चर काढून उताराकडे वाट करून दिली. काँट्रॅक्टर म्हणाला हे बिलात नाही. सरांनी लिहून दिलं.

12 जून

पाऊस वेळेवर आलाय, गेल्या आठवड्यात शहर पार तुंबलं होतं. लागवड सुरू.

माळी मामा आणि त्यांची सहा माणसं. मामांचं वय साठीला टेकलंय, बोलतात कमी. पिशवी कापायची, वेटोळी मुळं उभ्या चिरा देऊन सोडवायची, आणि बुंधा जमिनीच्या पातळीला ठेवायचा, खोल गाडायचा नाही. नवीन पोरं "पडायला नको" म्हणून फूटभर खोल घालतात, सालीला माती लागली की ती कुजते. मामा एकेक झाड हाताने हलवून बघतात. आज 31 झाली.

20 जून

त्या वीस झाडांचं काय झालं ते लिहून ठेवते, लपवण्यात काय अर्थ. मागच्या कंपाउंडलगत ड्रेनेज लाइन आणि भिंत यांच्यामध्ये मीटरभराची पट्टी आहे, तिथे काँट्रॅक्टरने वीस खोटे अशोक तीन-तीन फुटांवर ठोकले. प्रोजेक्ट मॅनेजरने थेट सांगितलं होतं त्याला. मी साइटवर पोचले तोवर अठरा लागलेले. सरांना फोन केला, सर म्हणाले "राहू दे". राहू दिले. एकूण 140 झाले.

26 जुलै

परवा रात्रीपासून जो काही पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठच्या सोसायट्यांत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. आपली साइट उंचावर, तिथे पूर नाही, पण पोडियमच्या वाफ्यांत घोटाभर पाणी. असं व्हायलाच नको, खाली ड्रेन सेल म्हणजे पाणी वाहून जायचा पोकळ थर आहे, त्यावर कापड आहे, उतार शंभराला एक आहे, पाणी साठवून गळती बघायची पॉन्डिंग टेस्ट पण झाली होती. आउटलेट उघडून बघितले तर तीन आउटलेटच्या तोंडात प्लास्टरचा माल घट्ट बसलेला. वरच्या मजल्यावरचं प्लास्टर खाली पडलं, कुणीतरी पाइपने धुतलं, ते सरळ वाफ्यात. मामांनी सळईने फोडून काढलं. बकुळीची पानं पिवळी पडलीत, पाच-सहा जातील असं वाटतंय.

सप्टेंबर

चिंचेला एका बाजूने पालवी कमी. खोदकामाच्याच बाजूने. बुंध्याभोवतीचं सिमेंट मागेच खरवडून काढलंय, शेणखत घातलंय, वाळक्या फांद्या काढायला उद्यान विभागाला अर्ज केलाय. सळया मात्र पाचव्यांदा सांगितल्यावर हलल्या.

19 नोव्हेंबर

भोगवट्याच्या, म्हणजे लोक राहायला यायच्या परवानगीच्या, आधी उद्यान विभागाचा दाखला लागतो, त्यासाठी पाहणी. साहेब आले, सोबत एक जण मोबाइल घेऊन फोटो काढणारा. पाऊण तासात सगळं. मोजणी करत गेले, 138, 139, 140. खोट्या अशोकांपाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, मी माझ्या चपलांकडे बघितलं. "देशी आहे ना?" म्हणाले. आहे, देशीच आहे. लिहिलं. मोहापाशी मात्र दोन मिनिटं उभे राहिले, म्हणाले आमच्या गावाकडे होते खूप.

दाखला मिळाला.

3 मार्च 2025

लोक राहायला आलेत, अजून सोसायटी व्हायचीय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला घेतलंय, चूक झाली. झाडांना एसटीपीचं पाणी द्यायचं ठरलेलं, पण फ्लॅट निम्मे रिकामे, एसटीपीला पुरेसं सांडपाणीच नाही, म्हणजे टँकर. टँकरचं पाणी पहिल्यांदा लॉनला जातं कारण लॉन गॅलरीतून दिसतं. ड्रिप लावलंय ते झाडांनाच लावलंय, पण व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करतं. एका काकूंना बहावा काढून पाहिजे, त्यावर अळ्या आहेत म्हणून. काकूंना सांगितलं महिनाभर थांबा, त्यांची पिवळी फुलपाखरं होतील. काकूंनी अंगठा दाखवला, वर का खाली ते कळलं नाही.

5 जून 2025

यंदा मॉन्सून मे संपायच्या आतच आला, 26 मेला मुंबईत पण. वर्ष झालं म्हणून मोजणी केली, कुणी सांगितली नव्हती, मामा आणि मी.

जुनी 12 सगळी आहेत. खऱ्या जमिनीतल्या 70 पैकी 4 मेली, त्यातली दोन गाडीने ठोकली. पोडियमच्या 38 पैकी 9. आणि खोटे अशोक वीसच्या वीस जिवंत, एकाला एक चिकटून, पेन्सिलीसारखे, कुणावर सावली न पाडता. मेलेली 13 या पावसात बदलायची, बिल्डरचा देखभालीचा करार अजून वर्षभर आहे, पत्र पाठवलंय.

चिंचेला चिंचा आल्यात, उरलेल्या बाजूला.

12 जुलै 2025

नव्या साइटचा फोन, दुसरा आर्किटेक्ट, ओळखीचा. बेसमेंटचं ड्रॉइंग अजून कच्चं आहे म्हणाला, म्हणून मी लगेच पाठव म्हणलं. रात्री तपकिरी रंग करून परत पाठवलं: मागच्या बाजूला सहा मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब पट्टी, खाली बेसमेंट नको, पाइप पण नको. त्याने हिशोब केला, अकरा पार्किंग जातात. क्लायंटशी बोलून सांगतो म्हणाला. सोमवारी कळेल.